‘पडीक’ खाजण नदी कशी साफ करते? : भिवंडीच्या कामवारीच्या निमित्ताने

भिवंडीत नदीनाक्याच्या पुलावरून उन्हाळ्यात कामवारीकडे पाहिले, तर तिला नदी म्हणायला मन धजत नाही. काळपट पाणी, काठाला फेस, वर तरंगणारे प्लास्टिक. नव्या पिढीतले अनेक जण तिला ‘नाला’ म्हणूनच ओळखतात. शहराच्या कडेने वाहत ती उल्हास नदीच्या खाडीला मिळते आणि ते पाणी पुढे घोडबंदरजवळून वसईच्या खाडीतून समुद्रात जाते.

नदी आणि खाडी यांच्या मधे एक वेगळीच जमीन आहे. कुठे पाणकणीस आणि लव्हाळ्याची दलदल, कुठे भरतीला बुडणारे खाजण, कुठे तिवरांची हिरवी रांग. ही जमीन ना धड पाणी, ना धड माती. म्हणून तिला सगळे ‘पडीक’ म्हणतात. चिखल, डास, दुर्गंधी एवढीच तिची ओळख. आणि जे पडीक ते भरून टाकायचे, हा सरळ हिशेब. राडारोड्याचे डंपर येतात, भरणी पडते, वर गोदाम उभे राहते.

ही जमीन पडीक नाही. ती रात्रंदिवस काम करते, आणि ते काम नदी साफ करण्याचे आहे. ते काम नेमके कसे होते, त्याची मर्यादा कुठे आहे आणि चळवळीतल्या तरुणांनी त्यात का पडले पाहिजे, हे या लेखात समजून घेऊ.

आधी ठरवू : ‘शुद्ध’ म्हणजे काय?

आपल्याला ‘शुद्ध पाणी’ या शब्दाचा इतिहास ठाऊक आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपल्या माणसांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी तळे ‘बाटले’ असे ठरवले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही वापरून, मंत्र म्हणून त्याची ‘शुद्धी’ केली. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, अशी ती समजूत.

आता विज्ञानाची मोजपट्टी पाहा. पाण्यात सेंद्रिय घाण पडली की तिला कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातली घाण कुजायला किती मिलिग्रॅम प्राणवायू लागेल, या मापाला बीओडी म्हणतात. आकडा जितका मोठा, तितके पाणी घाण. आंघोळीयोग्य नदीत हा आकडा ३ च्या आत असावा असा आपल्याकडचा निकष आहे. शहरी सांडपाण्यात तो साधारण दीडशे ते तीनशे असतो. आणि दुधात? सुमारे एक लाख. म्हणजे ज्याला ‘शुद्धी’ म्हटले, ते विज्ञानाच्या भाषेत प्रदूषण होते. पाणी कोणी शिवले यावर त्याची शुद्धता ठरत नाही. पाण्यात काय मिसळले आहे आणि किती, यावर ती ठरते. पुढचा सगळा लेख याच मोजपट्टीवर उभा आहे.

आणखी एक आकडा लक्षात ठेवू. आपल्याकडच्या उष्ण हवेत एक लिटर स्वच्छ पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. म्हणजे दोनशे बीओडीचे एक लिटर सांडपाणी पंचवीसहून अधिक लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊ शकते. मासा विषाने मरायच्या आधी गुदमरून मरतो, तो असा.

कामवारीत काय काय येते?

भिवंडी हे यंत्रमागाचे शहर. इथे लाखो माग चालतात. त्यामुळे नदीत येणारे पाणी एका प्रकारचे नाही. ढोबळमानाने ते तीन प्रकारचे आहे, आणि तिन्हींत फरक केला नाही तर पुढचे काहीच समजणार नाही.

पहिले, घरगुती सांडपाणी. संडास, मोऱ्या, भांडी-कपड्यांचे पाणी. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. या पाण्यात सेंद्रिय घाण, रोगजंतू, आणि नायट्रोजन-फॉस्फरससारखी खते असतात.

दुसरे, सायझिंगचे पाणी. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. ही खळ बऱ्याच अंशी स्टार्चची, म्हणजे पिठूळ असते. यंत्रे धुताना तिचा काही भाग पाण्यात जातो. पुढे कापड रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते, तेव्हा उरलेली जाते. स्टार्च विषारी नाही, पण जिवाणूंना ती मेजवानीच. ते तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात.

तिसरे, डाइंगचे पाणी. यात रंग, मीठ, अल्कली, कधी जड धातू. हे पाणी वेगळ्याच जातकुळीचे आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पावसाळा संपला की कोकणातल्या छोट्या नद्यांत मूळ प्रवाह फारसा उरत नाही. मग नदीत वाहते ते मुख्यतः हेच पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे नोंदले आहेत. त्यातले सर्वाधिक, ५५, आपल्या महाराष्ट्रात आहेत. म्हणजे हे दुखणे एकट्या भिवंडीचे नाही.

दलदल काम कशी करते?

पाणथळ जागेचे काम समजायला फार मोठे रसायनशास्त्र लागत नाही. पाच गोष्टी समजल्या की पुरे.

एक, ती पाण्याला थांबवते. काँक्रीटच्या नाल्यात पाणी धावते. दलदलीत ते पसरते, उथळ होते, पाणकणसाच्या हजारो दांड्यांना अडखळते. वेग मंदावला की गाळ आणि त्याला चिकटलेली घाण खाली बसते. नदी सरळ करून दोन्ही बाजूंनी भिंती बांधल्या की पहिल्यांदा हेच काम बंद पडते.

दोन, ती जिवाणूंना घर देते. पाण्यात बुडालेल्या दांडीवरून हात फिरवला तर बुळबुळीत थर लागतो. तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. सेंद्रिय घाण खाण्याचे खरे काम झाड करत नाही, हा थर करतो. झाड त्याला टेकायला जागा देते. सरळ नाल्यापेक्षा दलदलीत अशी जागा कितीतरी पटींनी जास्त असते.

तीन, ती चिखलात प्राणवायू पोचवते. पाणकणसाची पाने आणि दांडे आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांभोवती प्राणवायू असलेला पातळ थर तयार होतो. त्याच्या बोटभर पलीकडे मात्र प्राणवायू अजिबात नसतो. हे शेजारी-शेजारी असणे फार मोलाचे आहे. सांडपाण्यातल्या अमोनियाचे नायट्रेट व्हायला प्राणवायू लागतो, आणि त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नायट्रोजन वायू व्हायला प्राणवायू नसलेली जागा लागते. दोन्ही जागा दलदलीत हातभर अंतरावर मिळतात. नायट्रोजन हवेत निघून जातो. हेच काम यंत्राने करायचे तर वेगवेगळ्या टाक्या आणि सतत चालणारे विजेचे पंप लागतात.

चार, ती खते धरून ठेवते. फॉस्फरस हवेत उडून जात नाही. तो मातीतल्या लोहाला आणि चिकणमातीला चिकटतो, काही वनस्पतींत जातो. म्हणून पाणी बाहेर पडताना त्यात तो कमी असतो. पण मातीची ही धारणशक्ती कधीतरी भरते, हे विसरू नये.

पाच, ती रोगजंतूंना वेळ देत नाही. ऊन, उथळ पाणी, जंतू खाणारे सूक्ष्मजीव आणि मुख्य म्हणजे मुक्कामाचे दिवस, यांमुळे पोटाच्या रोगाचे बरेचसे जंतू मरतात. सगळे मरत नाहीत. दलदलीतून आलेले पाणी पिण्यालायक होते, असा कोणी दावा केला तर विश्वास ठेवू नका.

हे नुसते निरीक्षण नाही. जर्मनीत कॅथे सायडल या शास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात दलदलीतल्या वनस्पतींनी सांडपाणी स्वच्छ करण्याचे प्रयोग सुरू केले. त्यातूनच कृत्रिम पाणथळीचे तंत्र जगभर गेले. आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ ही पद्धत विकसित केली आहे.

आणि डासांचे काय?

वस्तीत पाणथळीचा विषय काढला की पहिला प्रश्न डासांचा येतो. प्रश्न रास्त आहे. पण सांडपाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तुंबलेल्या गटारात, प्राणवायू नसलेल्या साचलेल्या पाण्यात फोफावतो, कारण तिथे त्याच्या अळ्या खाणारे मासे आणि चतुरांची पिल्ले जगत नाहीत. पाणी खेळते असलेली, मासे असलेली दलदल डासांचा कारखाना नसते. अर्धवट भरणी टाकून पाणी कोंडलेली दलदल मात्र नक्कीच असते.

खाडीतले तिवर वेगळे काय करतात?

नदी खाडीला मिळते तिथे गोड्या पाण्यातले पाणकणीस संपते आणि कांदळवन सुरू होते. आपल्या भागात त्यात तिवर जास्त. ओहोटीला तिवराभोवती चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळे दिसतात. ती श्वासमुळे आहेत. चिखलात हवा नसल्याने झाड त्यांच्यातून श्वास घेते. याच मुळांच्या जाळीत भरतीबरोबर आलेला गाळ अडकतो.

दिवसातून दोनदा भरती येते, दोनदा ओहोटी. म्हणजे खाजण दिवसातून दोनदा पाणी आत घेते आणि दोनदा बाहेर सोडते. शहराचे पाणी आणि समुद्राचे पाणी मिसळण्याची ही जागा.

खाजणाचा चिखल काळा का असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास का येतो, हेही समजून घेऊ. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. प्राणवायू नसलेल्या चिखलात काही जिवाणू त्याचे सल्फाइड करतात. वास त्याचा. हे सल्फाइड जस्त, तांबे, शिसे अशा जड धातूंना पकडून चिखलात बांधून ठेवते. म्हणजे ज्या वासासाठी आपण नाक दाबतो, तो एक पहारेकरी आहे. पण चिखल उपसून वर टाकला, त्याला हवा लागली, की ही पकड सुटते आणि अडकलेले धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात. म्हणून खाजण खोदणे म्हणजे नुसती माती हलवणे नव्हे. ते जुनी घाण मोकळी सोडणे आहे.

याच चिखलावर निवट्या, चिंबोऱ्या, कोळंबी जगते. आगरी-कोळी कुटुंबांचे जेवण आणि रोजी त्यावर चालत आली आहे. खाडी मेली की सगळ्यांत आधी हे ताट रिकामे होते.

रंग गेला म्हणजे विष गेले नाही

आता डाइंगच्या पाण्याकडे परत येऊ. कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते.

कापडाला वापरले जाणारे पुष्कळ रंग अझो प्रकारचे असतात. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्यांचे रेणू तोडतात. रेणू तुटला की रंग जातो. लाल-निळे पाणी फिके दिसू लागते. बघणाऱ्याला वाटते, निसर्गाने साफ केले. पण तुटलेल्या रेणूतून काही वेळा अॅरोमॅटिक अमाइन नावाची रसायने तयार होतात. ती दिसत नाहीत. त्यातली काही कर्करोगाला कारण ठरतात. म्हणूनच १९९० च्या दशकात जर्मनीने आणि भारतानेही असे कितीतरी अझो रंग बंद केले. ही अमाइन पुढे प्राणवायू असलेल्या थरात काही प्रमाणात मोडतात, पण त्याला वेळ लागतो, जागा लागते, आणि खात्री नसते.

मीठ तर कुठलीच वनस्पती नाहीसे करत नाही. ते फक्त पुढे जाते. धातू नाहीसे होत नाहीत, ते जागा बदलतात. दलदलीत काठावर उगवलेल्या अळूच्या पानात, चिंबोरीच्या मांसात ते जाऊ शकतात. नाल्याकाठची स्वस्त भाजी कोणाच्या घरात शिजते, हे सांगायला नको.

म्हणून सूत्र असे. जे कुजते ते दलदल साफ करू शकते. जे कुजत नाही ते ती फक्त साठवते. घरगुती सांडपाणी आणि खळ पहिल्या प्रकारात बसते. मीठ, धातू आणि बरेचसे रंग दुसऱ्या प्रकारात. दुसऱ्या प्रकारचे पाणी कारखान्याच्या दारातच साफ व्हायला हवे. ते खाजणात सोडून ‘निसर्ग बघेल’ म्हणणे ही लबाडी आहे.

हिशेब मांडून पाहू

समजा, फक्त घरगुती सांडपाणी दलदलीवर सोपवायचे ठरवले. कृत्रिम पाणथळ बांधणारे अभियंते उष्ण प्रदेशात ढोबळमानाने माणशी एक ते दोन चौरस मीटर जागा धरतात. सात लाख माणसांना दोन चौरस मीटरप्रमाणे चौदा लाख चौरस मीटर, म्हणजे १४० हेक्टर, जवळपास साडेतीनशे एकर. तेही नीट आखलेली, देखभाल असलेली, आणि पाणी आधी टाकीत निवळून आत सोडलेले. भिवंडीच्या जमिनीचे भाव पाहता हा आकडा बोलका आहे. म्हणजे शहराचे सगळे मैलापाणी कच्चेच दलदलीत सोडून भागणार नाही. शुद्धीकरण केंद्र हवेच. दलदलीचे खरे स्थान त्यानंतरचे आहे : केंद्रातून सुटलेली, नाल्यांतून चुकवून आलेली, पावसाने वाहून आणलेली घाण शेवटी टिपून घेणे.

जगात दोन उदाहरणे याच्या दोन बाजू दाखवतात.

पहिले कोलकात्याचे. शहराच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरचा पाणथळ पट्टा आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत येते. उन्हात शेवाळ वाढते, मासे ते खातात, पाणी निवळते आणि शहराला मासळी मिळते. हे तंत्र कुठल्या कंपनीने आणले नाही. तिथल्या मच्छीमार आणि शेतकऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घडवले. सरकारी अभियंता असलेल्या ध्रुवज्योती घोष यांनी त्याचे मोल जगापुढे मांडले. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्या जमिनीवर बांधकामाला लगाम घातला, आणि २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. रामसर ही पाणथळ जागांसाठी १९७१ मध्ये झालेली आंतरराष्ट्रीय परिषद. त्यातच लक्षात घ्या, तिथले काम चालते ते मुख्यतः घरगुती सांडपाण्यावर.

दुसरे युगांडाच्या कंपाला शहराचे. तिथे शहराचे सांडपाणी नाकिवुबो नावाच्या पाणथळीतून व्हिक्टोरिया सरोवरात जाते, आणि शहराला पिण्याचे पाणी त्याच सरोवराच्या त्याच आखातातून येते. पाणथळीवर वस्ती, कारखाने आणि शेती सरकत गेली, पाणी चर खोदून सरळ वाहू लागले आणि गाळण्याचे काम घटले. शहराने आपल्याच प्यायच्या पाण्याची चाळणी कापली.

आपल्याजवळही धडा आहे. ठाणे खाडीचा ६,५२१ हेक्टरचा पट्टा २०२२ मध्ये रामसर यादीत आला. रोहित पाहायला तिथे बोटी जातात. उल्हासच्या खाडीतले तिवर मात्र अजून ‘पडीक’च आहेत. काम दोघांचे एकच. एकाला पाहुणे आहेत, दुसऱ्याला डंपर.

साफ करणाऱ्यालाच घाण म्हणण्याची सवय

समाजशास्त्राची विद्यार्थी म्हणून मला इथे थांबावेसे वाटते. घाण करणारा प्रतिष्ठित आणि घाण काढणारा घाणेरडा, ही आपल्या समाजाची जुनी रीत आहे. गटारात माणूस उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, तरी माणसे गटारात मरतात, आणि ती कोणत्या जातींची असतात हे आपल्याला माहीत आहे. जमिनीच्या बाबतीतही आपण तेच करतो. शहराची घाण पोटात घेणाऱ्या खाजणाला ओंगळ म्हणतो आणि ते भरून चकचकीत केले की ‘विकास’ म्हणतो.

पण या तुलनेतून दुसरी गोष्टही शिकायची आहे. सफाई कामगाराचा सन्मान करायचा म्हणजे त्याला हार घालून पुन्हा गटारात उतरवायचे नाही. तसेच ‘पाणथळ नदी साफ करते’ हे ऐकून सगळी घाण तिच्या माथी मारायची नाही. ज्याने घाण केली त्याने ती आपल्या दारात आवरायची, हा न्याय माणसालाही लागू आणि जमिनीलाही.

आणि नाल्याकाठी कोण राहते? ज्याला दुसरीकडे जागा परवडत नाही तो. यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार, मग तो उत्तर प्रदेशातून आलेला अन्सारी असो, तेलंगणातला पद्मशाली असो की मराठवाड्यातून आलेला आपला बांधव. २६ जुलै २००५ सारखा पाऊस झाला की नदी आधी त्यांच्या घरात शिरते. एक एकर खाजण फूटभर पाणी धरते तेव्हा बारा लाख लिटरहून जास्त पाणी अडते. तो एकर भरला की ते पाणी कुठे जायचे? सखल वस्तीतच. म्हणून ही लढाई ‘पक्षीप्रेमींची’ नाही. ती घराची आणि आरोग्याची आहे.

इथे एक सापळा टाळायचा आहे. प्रदूषणाचा विषय आला की मालक म्हणतात, कारखाने बंद होतील, कामगार उपाशी मरतील. कामगाराला नदीविरुद्ध उभे करण्याची ही युक्ती आहे. लहान युनिटला एकट्याने शुद्धीकरण यंत्रणा परवडत नसेल, तर सर्वांचे मिळून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र हा मार्ग आहे. मागणी कारखाने बंद करा अशी नाही. पाणी साफ करूनच सोडा, अशी आहे.

कायदा काय सांगतो?

१७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की कांदळवनाची नासधूस म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राज्यभर कांदळवन तोडायला, त्यात भराव किंवा राडारोडा टाकायला बंदी आहे, आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. मालकी खासगी असली तरीही. ‘माझी जमीन आहे’ हे उत्तर चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवर नोंदलेल्या देशातल्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण दिले. मात्र २०१७ च्या पाणथळ नियमांतून नदीपात्र, भातशेती आणि मिठागरे वगळली आहेत. म्हणून एखादी जागा सरकारी कागदावर ‘मिठागर’, ‘खार जमीन’ की ‘खाजण’ अशी नोंदली आहे, यावर तिचे नशीब ठरू शकते. सातबारा वाचायला शिका, असे मी म्हणते ते यासाठी.

आपण काय करायचे?

प्रत्येक वस्तीतल्या, विहारातल्या तरुण गटाला पुढील कामे जमण्यासारखी आहेत.

१. आपल्या भागातल्या पाणथळीची यादी करा. जुनी उपग्रह चित्रे मोबाइलवर पाहता येतात. दहा वर्षांपूर्वी काय होते आणि आज काय आहे, याचे चित्र जपून ठेवा.

२. फोटो काढताना तारीख, वेळ, ठिकाण आणि भरती होती की ओहोटी, हे लिहा. भरतीचे पाणी आत येणाऱ्या मोऱ्या बुजवल्या आहेत का, हे आवर्जून पाहा. तिवर कापायची गरज नसते. पाणी तोडले की ते उभ्या उभ्या वाळतात.

३. माहितीचा अधिकार वापरा. महापालिकेला विचारा : रोज किती सांडपाणी तयार होते, किती शुद्ध होते, बाकी कुठे जाते? प्रदूषण नियंत्रण मंडळाला कामवारी आणि खाडीच्या पाण्याचे गेल्या पाच वर्षांचे तपासणी आकडे मागा. बीओडी आणि विरघळलेला प्राणवायू हे दोन रकाने आधी वाचा.

४. भरणी दिसली की लेखी तक्रार करा. तहसीलदार, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीतील समित्या ही त्याची दारे आहेत. तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नव्हे. पोच घ्या. एकट्याच्या नावाने नको, संस्थेच्या किंवा मंडळाच्या नावाने द्या.

५. ग्रामपंचायत हद्दीत जैवविविधता नोंदवही करवून घ्या. खाडीवर जगणाऱ्या आजी-आजोबांना विचारा, पूर्वी कोणती मासळी मिळायची. त्यांचे ज्ञान कागदावर आले की खाजण ‘पडीक’ राहत नाही.

६. रंगीत, फेसाळ किंवा उग्र वासाच्या पाण्यात उघड्या हातांनी नमुने घेऊ नका. अशा नाल्याकाठची पालेभाजी खाऊ नका, हे घरोघरी सांगा.

शेवटी

विनयातल्या नियमांनुसार भिक्खूने पाण्यात मलमूत्र सोडू नये, थुंकू नये. दिसायला साधा नियम, पण त्यात पाणी पुढे दुसऱ्याकडे जाते याची जाण आहे. आपल्या याच परिसरात, कल्याण आणि सोपारा ही प्राचीन बंदरे होती. तिथल्या उपासकांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत, आणि त्या दानांत पाण्याच्या पोढीही आहेत. दुसऱ्यासाठी पाणी राखणे हे त्यांना पुण्य वाटले.

महाडला प्रश्न होता, पाण्याला हात लावायचा हक्क कोणाला? भिवंडीत प्रश्न आहे, हात लावण्यासारखे पाणी कोण उरू देत नाही? पहिला प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनी ओंजळीने सोडवला. दुसरा अर्ज, आकडे, नकाशे आणि संघटनेने सोडवावा लागेल. या २० मार्चला अभिवादन सभेनंतर पंचवीस जणांनी आपल्या जवळच्या खाडीवर जावे, खाजण पाहावे, वर दिलेल्या यादीतले पहिले काम त्याच दिवशी सुरू करावे.

जय भीम!